गाई, भांडी आणि फाशी: १६४१ च्या आयरिश बंडातल्या साक्षी कितपत धरायच्या?

लिफीकाठ:

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, गोड मानून घ्या.

डब्लिनमध्ये राहून नऊ वर्षं झाली. पुण्याहून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ट्रिनिटी कॉलेजात 'बुक ऑफ केल्स' हे जुनं सचित्र हस्तलिखित दाखवायला न्यायचं, हा आमच्या घरी आता कुलाचार झालाय. गेल्या महिन्यात सासूबाईंना घेऊन त्या रांगेत उभी होते. वेळ जाईना म्हणून फोनवर त्याच ग्रंथालयाचं दुसरं एक दफ्तर उघडलं आणि त्यात जी अडकले ती अजून बाहेर आलेली नाही.

दफ्तर आहे १६४१ च्या बंडातल्या जबान्यांचं. सुमारे ८,००० जबान्या, ३१ खंड, १९,००० च्या आसपास हस्तलिखित पानं. २०१० पासून सगळं जालावर फुकट वाचता येतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: सतराव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडच्या राजाने आयर्लंडच्या उत्तरेत, अल्स्टरमध्ये, कॅथलिक सरदारांच्या जमिनी काढून घेतल्या आणि तिथे इंग्रज नि स्कॉटिश प्रोटेस्टंट आणून वसवले. ऑक्टोबर १६४१ मध्ये उरल्यासुरल्या कॅथलिक जमीनदारांनी उठाव केला. अल्स्टरमधला म्होरक्या सर फेलिम ओ'नील. हा काही रानातला दरोडेखोर नव्हे. टायरोन परगण्यात किनार्डचा जमीनदार, लंडनला लिंकन्स इनमध्ये कायदा शिकलेला, डंगॅननचा खासदार, आणि गळ्यापर्यंत कर्जात. २२ ऑक्टोबरच्या संध्याकाळी हा गृहस्थ चार्लमाँटच्या किल्ल्यात शेजारी लॉर्ड कॉलफील्डकडे जेवायला म्हणून गेला आणि यजमानाला कैद करून किल्लाच घेतला.

पुढच्या काही महिन्यांत हजारो वसाहतवाले लुटले गेले, ऐन थंडीत अंगावरचे कपडे काढून घेऊन हाकलले गेले, कित्येक मारले गेले. जे जगून डब्लिनला पोचले त्यांच्या जबान्या घ्यायला डिसेंबर १६४१ मध्ये आठ पाद्र्यांचा आयोग बसला. प्रमुख हेन्री जोन्स, किलमोरचा डीन (तिथल्या मोठ्या चर्चचा मुख्य पाद्री). काम सांगितलं होतं मुख्यतः नुकसान मोजण्याचं: कोणाचं काय गेलं, कोणी नेलं.

आणि अकरा वर्षांनी, राजाविरुद्ध जिंकलेल्या संसदेचा सेनापती क्रॉमवेल याचं राज्य आल्यावर, हीच दफ्तरं उघडून जमीनदारांवर खटले चालले. फेलिम फेब्रुवारी १६५३ मध्ये टायरोनमधल्या एका तळ्यातल्या बेटावर सापडला, १० मार्चला डब्लिनमध्ये त्याला फाशी दिलं, शरीराचे तुकडे केले.

माझा प्रश्न असा. 'माझ्या गाई गेल्या, भरपाई द्या' म्हणून दिलेली जबानी माणसाला फासावर चढवायला वापरावी का? त्यात अर्ध्या जबान्यांमध्ये 'असं खात्रीलायक ऐकलं' हा शब्दप्रयोग सारखा येतो. तुम्ही न्यायाधीश असता तर किती धरलं असतंत?


पिंपळपान:

वाखूसा (वाचनखूण साठवली). सविस्तर प्रतिसाद नंतर देतो.


भट्टीचा_चहा:

१६४१ म्हणजे आपले महाराज अकरा वर्षांचे. उगाच संदर्भासाठी सांगून ठेवतो, नाहीतर पन्नासाव्या प्रतिसादापर्यंत टिळक आणि ॲनी बेझंट येतात.


गडभटक्या:

जेवायला बोलावलेल्याने किल्ला घ्यायचा! इकडे उलटं असतं, जेवायला बोलावून पाहुण्याला धरतात. :)

फेलिमचं मला कौतुक वाटलं. जमीन त्यांची, राज्य परक्याचं. बंड केलं तर बिघडलं काय? साक्षी सगळ्या वसाहतवाल्यांच्या, आयोगात पाद्री सगळे वसाहतवाल्यांचे. दुसऱ्या बाजूची एक तरी जबानी आहे का त्या ३१ खंडांत? नसेल तर विषय संपला.


लिफीकाठ:

@गडभटक्या, आहेत. १६५२ ते ५४ मध्ये न्यायालयांसाठी दुसऱ्या फेरीत जे जाबजबाब घेतले त्यांत कॅथलिक साक्षीदारही आहेत, बंडात असलेलेसुद्धा. पण तेव्हा जिंकलेलं सैन्य समोर बसून विचारत होतं, त्यामुळे ते 'दुसरी बाजू' म्हणून धरायचे का, हा वेगळाच प्रश्न. पहिल्या फेरीतले, १६४२-४३ चे, जवळजवळ सगळे प्रोटेस्टंटांचे.


वकीलकाका_सातारा:

चाळीस वर्षं सत्र न्यायालयात घासलेला माणूस म्हणून दोन शब्द.

आपल्याकडे १८७२ च्या पुरावा कायद्यात कलम ६० होतं: तोंडी पुरावा प्रत्यक्ष असला पाहिजे. पाहिलेली गोष्ट असेल तर पाहणाऱ्याने सांगावी, ऐकलेली असेल तर ऐकणाऱ्याने. २०२४ च्या जुलैपासून कायदा नवा आला पण तत्त्व तेच. या कसोटीवर ताईंच्या दफ्तरातला निम्मा माल बाद. पण १६५३ मध्ये ही कसोटी इतकी घट्ट बसलेली नव्हती, तेव्हा आजचं माप त्या कापडाला लावू नये.

दुसरं, आणि हे जास्त महत्त्वाचं. लोकांना वाटतं खोटा साक्षीदार म्हणजे रचून बोलणारा. तसे थोडे असतात. आमच्या अनुभवात घात करतो तो खरं बोलणारा साक्षीदार. त्याचं घर खरंच जळलेलं असतं, तो खरंच रडत असतो, आणि जाळणारा कोण हे मात्र त्याला दुसऱ्या दिवशी पारावर कळलेलं असतं. पण कोर्टात उभा राहिला की पारावरचं आणि डोळ्यांनी पाहिलेलं एकाच सुरात सांगतो. उलटतपासणीत ते वेगळं काढायचं असतं. इथे उलटतपासणी झालीच नाही ना?


लिफीकाठ:

पहिल्या फेरीत नाहीच, वकीलकाका. शपथ, जबानी, खाली सही किंवा निशाणी, तारीख, दोन-तीन आयुक्तांच्या सह्या. संपलं.

पण एक गंमत सांगते. 'ऐकलं' आणि 'पाहिलं' हे कारकुनांनी बऱ्याचदा वेगळं ठेवलंय. 'साक्षीदाराने स्वतः पाहिलं' आणि 'साक्षीदाराला अमक्याने सांगितलं' असं स्पष्ट येतं. वाचणाऱ्यांनीच पुढे ते एकत्र कालवलं. सर जॉन टेंपलने १६४६ मध्ये या जबान्या वापरून जे पुस्तक छापलं त्यात आकडा तीन लाखांवर नेला. तेवढे प्रोटेस्टंट तेव्हा अख्ख्या आयर्लंडमध्ये नव्हते! आजचे इतिहासकार अल्स्टरमध्ये थेट मारलेले चार हजारांच्या आसपास धरतात, आणि थंडी, उपासमार, आजार यांनी गेलेले मिळून बारा हजारांपर्यंत.


खवट_म्हातारा:

चार हजार म्हणजे कमी का? तुम्ही लोक आकडा उतरवलात की हुश्श करता.


लिफीकाठ:

नाही करत आजोबा. बरोबर आहे तुमचं.


मोडीवाचक:

हा धागा माझ्यासाठीच काढलाय असं समजून लिहितो. त्याच काळात आपल्याकडे वतनाच्या भांडणात महजर होत. गोतसभा बसायची, देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी, शेटे, बलुतेदार सगळे जमायचे, साक्षीदाराला पूर्वजांची आण घालून विचारायचे, आणि निवाड्याखाली सह्या नाहीत तर निशाण्या. कुणब्याचा नांगर, वाण्याचा तराजू, सुताराचा वाकस. कागद हातात धरला की माणूस दिसतो. प्रकरण तरीही मिटेना तर दिव्य: उकळत्या तेलातून धातूचा तुकडा काढायचा, हात पिशवीत बांधून मोहोर करायची, ठरलेल्या दिवशी उघडून फोड आला का बघायचं.

एक फरक मात्र लक्षात घ्या. महजरात साक्षीदार आणि प्रतिवादी समोरासमोर बसलेले असत, सगळं गाव ऐकत असे. खोटं बोललास तर उद्या त्याच विहिरीवर पाणी भरायचंय. ताईंच्या दफ्तरात साक्षीदार गाव सोडून पळालेला आहे. त्याला परत त्या विहिरीवर जायचंच नाही. मला वाटतं जबानीचा रंग तिथेच बदलतो.

लिफीकाठ, तिथल्या निशाण्यांत काही चित्रं आहेत का हो?


लिफीकाठ:

मी पाहिलेल्या पानांवर बहुतेक फुल्या आणि वेडीवाकडी आद्याक्षरं. बायकांच्या जबान्या खूप आहेत, बऱ्याच विधवा. कोपऱ्यात कारकुनाची सुबक अक्षरं आणि शेजारी तिची थरथरती फुली. विहिरीचा मुद्दा डोक्यात बसला.


चिंगी७९:

अवांतर: भूत कुठाय? मी कुठेतरी वाचलंय की या साक्षींमध्ये नदीतलं भूत आहे.


उत्तरेतली_नर्स:

चिंगी, आहे. मी बेलफास्टला असते, आणि ते पोर्टाडाऊनचं पूल-प्रकरण इकडे आजही ताजं आहे, म्हणून लिहिते.

नोव्हेंबर १६४१. बॅन नदीवरचा पोर्टाडाऊनचा पूल. शंभराच्या आसपास प्रोटेस्टंट कैद्यांना, बायकामुलांसकट, पुलावरून नदीत ढकललं. जे पोहत काठाला आले त्यांना परत लोटलं. आर्माची एलिझाबेथ प्राइस नावाची विधवा, तिची पाच मुलं त्यांत गेली. तिच्या जबानीप्रमाणे एकूण ११५ जण. ही जबानी १६४३ ची. तीच बाई पुढे सांगते की नंतर ती स्वतः त्या पुलाशी गेली असताना संध्याकाळच्या उजेडात पाण्यातून कमरेपर्यंत वर आलेली एक बाई दिसली, केस मोकळे, अंग पांढरंफटक, आणि 'सूड, सूड' असं ओरडत होती. बंडवाल्यांचा सेनापती ओवेन रो ओ'नील हे भूत खरं का बघायला माणसं घेऊन आला होता, असंही तीच सांगते.

जुलैमध्ये इकडे ऑरेंजवाल्यांच्या, म्हणजे एका प्रोटेस्टंट संघटनेच्या, मिरवणुका निघतात. काही पताकांवर तो पूल आणि बुडणारी माणसं रंगवलेली असतात. पहिल्या वर्षी मला कळलंच नाही, मला वाटलं बायबलमधला काही प्रसंग असेल. वॉर्डमधल्या एका म्हाताऱ्या पेशंटने समजावून सांगितलं, आणि ते इतक्या हळू आवाजात की जणू परवाची गोष्ट आहे. शेजारच्या खाटेवरचे आजोबा कॅथलिक होते.


गडभटक्या:

घ्या! भूत पाहिलं म्हणणारी साक्षीदार. वकीलकाका, ही जबानी तर उभीच राहत नाही.


वकीलकाका_सातारा:

कोण म्हणतं? अंशतः खोटा म्हणजे संपूर्ण खोटा, हा नियम आपल्या न्यायालयांनी कधी मानला नाही. भुसा वेगळा, दाणा वेगळा. पाच मुलं बुडालेल्या बाईला संध्याकाळी नदीत काय दिसेल हे तुम्हीआम्ही ठरवणारे कोण? तिला भूत दिसलं यावरून मुलं बुडाली नाहीत असं सिद्ध होत नाही. उलट त्या पुलावर एवढं काय घडलं होतं की दोन्ही बाजूंचे लोक तिथे भूत शोधायला जात होते?

मात्र बुडवण्याचा हुकूम फेलिमने दिला का, यावर त्या भुताचा काडीइतका उपयोग नाही.


चिंगी७९:

काका __/\__


खवट_म्हातारा:

तुम्ही सगळे साक्षीदार खरा की खोटा यात अडकलात. मी बँकेत होतो, मला पैशाचा माग काढायची खोड आहे.

मार्च १६४२ मध्ये लंडनच्या संसदेने कायदा केला: बंड मोडायला पैसे द्या, त्या बदल्यात आयर्लंडमधली बंडवाल्यांची पंचवीस लाख एकर जमीन वाटू. म्हणजे आयोगाचं काम नुकतं कुठे सुरू झालंय, आरोप सिद्ध व्हायला अजून दहा वर्षं आहेत, आणि जमीन विकून मोकळे! आता एवढी जमीन द्यायची तर तेवढे गुन्हेगार जमीनदार नकोत का? ते कुठून आणणार? या दफ्तरातून. १६४१ मध्ये कॅथलिकांकडे आयर्लंडची सुमारे ६० टक्के जमीन होती. १७०३ पर्यंत १४ टक्क्यांच्या आसपास राहिली. हिशेब मांडा.

आणि त्यासाठी साक्ष खोटी असायची गरजच नाही. साक्ष खरी, वसुली भलतीच.


पिंपळपान:

आजोबा, +१००. 'साक्ष खरी, वसुली भलतीच' हे माझ्या सहीत टाकू का?


खवट_म्हातारा:

टाका. एकरी दर सांगतो नंतर.


मिठाचा_खडा:

मला एक कळत नाही. एवढं मोठं बंड आणि सरकारला आधी काहीच पत्ता नव्हता? फुटला नाही कोणी?


लिफीकाठ:

फुटला तर! हा किस्सा मुद्दाम राखून ठेवला होता.

बेत असा होता की फेलिमने उत्तरेतले किल्ले घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी, २३ ऑक्टोबरला, लॉर्ड मॅग्वायर आणि ह्यू ओग मॅकमॅहन यांनी डब्लिनचा किल्ला घ्यायचा. आदल्या संध्याकाळी मॅकमॅहनने आपला दूधभाऊ ओवेन ओ'कॉनली याला दारू पाजत पाजत सगळा बेत सांगितला. हा ओ'कॉनली निघाला प्रोटेस्टंट झालेला. 'जरा मोकळा होऊन येतो' म्हणून बाहेर पडला, विश्वास बसावा म्हणून तलवार आत ठेवून गेला, आणि परसातली भिंत ओलांडून पळाला तो थेट राजाच्या वतीने आयर्लंडचा कारभार पाहणाऱ्या सर विल्यम पार्सन्सच्या दारात. पण तोवर इतकी चढली होती की पार्सन्सचा विश्वास बसेना. 'जा, आणखी माहिती काढून आण' म्हणून परत पाठवलं! शेवटी शुद्धीवर आल्यावर जबानी झाली आणि डब्लिनचा किल्ला वाचला. त्याला ५०० पौंड रोख आणि सालीना २०० पौंड मिळाले. मॅकमॅहन आणि मॅग्वायर यांना पुढे लंडनला फाशी.


भट्टीचा_चहा:

जगाचा इतिहास 'जरा मोकळा होऊन येतो' या वाक्यावर फिरलाय हे शाळेत कोणी सांगितलं नाही.


गडभटक्या:

म्हणजे तिकडचा द्रविड. चाफेकरांच्या वेळी माफीचे साक्षीदार झाले ते.


वकीलकाका_सातारा:

दुरुस्ती. द्रविड बंधूंनी बक्षिसासाठी खबर दिली, ते खबरे. माफीचा साक्षीदार म्हणजे जो स्वतः गुन्ह्यात सामील असतो आणि शिक्षेतून सुटण्याच्या अटीवर सोबत्यांविरुद्ध बोलतो. दोघांत फरक आहे, आणि कोर्टाला माफीच्या साक्षीदाराकडे जास्त संशयाने पाहावं लागतं. त्याची साक्ष एकटी घेऊ नये, दुसरा टेकू हवा. ओ'कॉनलीही खबऱ्याच.


आडवाटेचा_वारकरी:

जमीनदार आणि बंड यावरून मला आयर्लंडमधल्याच १७९८ च्या बंडातलं दुसरं प्रकरण आठवलं, वेक्सफर्डचं. कॉर्नेलियस ग्रोगन, जॉन्सटाऊन कासलचा मालक, साठीतला, संधिवाताने बेजार. बंडवाल्यांनी त्याला आपला रसदप्रमुख केला. बंड मोडल्यावर फौजी न्यायालयापुढे उभा केला. तो म्हणाला मला जबरदस्तीने नेलं, मी काय करणार होतो? उपयोग झाला नाही, वेक्सफर्डच्या पुलावर फाशी. जोना बॅरिंग्टन या त्याच्या काळातल्या वकिलाने लिहून ठेवलंय की त्या फौजी न्यायालयाच्या सभासदांनी शपथसुद्धा घेतलेली नव्हती. ग्रोगन मेल्यावर त्याची मालमत्ता जप्त करायला संसदेत वेगळा कायदा करावा लागला.

मला वाटतं 'जबरदस्तीने नेलं' हा बचाव फेलिमला नव्हता, पण त्याच्या खालच्या कितीतरी लहान जमीनदारांना असणार. गाव पेटल्यावर वाड्यात बसून राहिलात तर बंडवाले जाळतात, बाहेर पडलात तर सरकार फाशी देतं. आणि साक्षीदार म्हणणार, 'मी याला त्यांच्यात घोड्यावर पाहिला.' पाहिलाच असेल की.


मोडीवाचक:

वारकरी, हे शेवटचं वाक्य सोन्यासारखं. पाहिलं काय आणि त्याचा अर्थ काय, यातलं अंतर कागद कधीच सांगत नाही.


मिठाचा_खडा:

पण फेलिमने राजाची सनद दाखवली होती ना? मग तो बंडखोर कसा, राजनिष्ठ झाला.


लिफीकाठ:

बनावट होती. नोव्हेंबर १६४१ च्या सुरुवातीला न्यूरीत त्याने जाहीर केलं की चार्ल्स राजाने मला शस्त्र घ्यायचा हुकूम दिलाय, हा बघा कागद, ही बघा मोहोर.

आता १६५३ च्या खटल्यातला प्रसंग ऐका. राजाचं डोकं १६४९ मध्येच उडवलेलं. क्रॉमवेलच्या न्यायाधीशांना हवं होतं की फेलिमने कबूल करावं, 'हो, सनद राजाचीच होती', म्हणजे राजाला मारलं ते योग्यच ठरलं. बदल्यात जीव आणि जमीन परत. फेलिम म्हणाला, नाही. चार्लमाँटच्या किल्ल्यात एक जुनं फर्मान सापडलं होतं, त्याची मोहोर मीच काढायला लावून या कागदाला जोडली. हॅरिसन नावाचा माणूस तिथेच हजर होता, त्याने कबूल केलं की मोहोरेची रेशमी दोरी मीच शिवली, यांच्या सांगण्यावरून. फासाच्या शिडीवर पुन्हा विचारलं, पुन्हा नाही म्हणाला.


चिंगी७९:

अंगावर काटा आला. स्वतःच्या विरुद्ध साक्ष आणि तीही फासाच्या शिडीवरून.


गडभटक्या:

मी म्हटलं होतं ना, माणूस कौतुकाचा आहे!


आडवाटेचा_वारकरी:

मला तर ती रेशमी दोरी दिसली. कुठेतरी बसून सुईत दोरा ओवून कोणीतरी राजाची मोहोर शिवतोय.


वकीलकाका_सातारा:

लिफीकाठ ताई, हे सगळं सांगितलं कोणी? न्यायालयाच्या नोंदीत आहे का?


लिफीकाठ:

पकडलंत. :) डीन जॉन कर म्हणून एक पाद्री, तो म्हणतो मी खटल्याला हजर होतो. त्याने हे लेखी दिलं १६८१ मध्ये.


वकीलकाका_सातारा:

म्हणजे अठ्ठावीस वर्षांनी. आणि १६८१ मध्ये गादीवर कोण? त्याच मारलेल्या राजाचा मुलगा. ज्या साक्षीने बाप निर्दोष ठरतो ती साक्ष मुलाच्या राज्यात येते. बघा, विधवेच्या भुतावर आपण सगळे तुटून पडलो, आणि ही गोष्ट आवडली म्हणून कोणी तारीखसुद्धा विचारली नाही.

मी ती खोटी म्हणत नाही. दोरी शिवणाऱ्याचा तपशील रचलेला वाटत नाही, रचणारा माणूस इतका बारीक जात नाही. पण माप एकच लावा.


गडभटक्या:

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).


भट्टीचा_चहा:

गडभटक्याने काय लिहिलं होतं ते मी वाचलंय. माझी साक्ष घ्या. शपथेवर सांगतो. चहा लागेल.


उत्तरेतली_नर्स:

वकीलकाकांचं वाचून सकाळच्या शिफ्टला उशीर झाला. माझ्याकडून एक: २०१० मध्ये हे दफ्तर जालावर आलं तेव्हा ट्रिनिटीत प्रदर्शन भरलं होतं. उद्घाटन राष्ट्राध्यक्ष मेरी मॅकअलीस यांनी केलं, त्या उत्तरेतल्या कॅथलिक. पाहुण्यांत इयन पेस्ली, प्रोटेस्टंटांचे सगळ्यांत कडवे पुढारी. ज्या कागदांवरून साडेतीनशे वर्षं डोकी फुटली ते कागद बघायला हे दोघं एका दालनात. इथे त्याचं अजून नाव निघतं.


मोडीवाचक:

एक तांत्रिक प्रश्न. पानांवर खाडाखोड आहे असं ऐकलं. आपल्याकडे खाडाखोडीचा कागद म्हटला की पहिला संशय.


लिफीकाठ:

तिकडेही तोच संशय आला होता! कित्येक जबान्यांवर ओळीच्या ओळी शाईने काटलेल्या आहेत. दोनशे वर्षं लोक भांडले: एक बाजू म्हणायची काटलेलं म्हणजे खोटं ठरलेलं, दुसरी म्हणायची नाही. मग एडन क्लार्क वगैरे याच कामात मन लावून बसलेल्या अभ्यासकांनी ओळ न् ओळ तपासली. आयोगाचा कारकून टॉमस वेअरिंग छापण्यासाठी निवडक मजकूर तयार करत होता, आणि त्याने काटलं ते बरंचसं नुकसानीच्या याद्या! गाई, घोडे, गवताच्या गंज्या, शेतात उभं पीक, घरातलं सामान. पुस्तकात हवी होती कत्तल. गाई कोण वाचणार?

गंमत बघा. त्या जबानीतलं जे सगळ्यांत भरवशाचं, जे त्या माणसाने स्वतःच्या हाताने चारलं-धुतलं-मोजलं होतं, तेच काटलेलं. आणि 'खात्रीलायक ऐकलं' ते ठेवलेलं.

याद्यांत आणखी एक रकाना असतो, तो मला फार लागला. बुडीत येणं. 'अमक्याकडे माझे इतके पौंड येणे होते, ते आता मिळणार नाहीत, कारण काही कर्जदार बंडात गेले आणि काही माझ्यासारखेच लुटले गेले.' म्हणजे काल-परवापर्यंत एकमेकांना उसने पैसे देणारी माणसं. साक्षीदार बंडखोरांची नावं एवढी धडाधड कशी सांगतो, हे मला आधी संशयास्पद वाटायचं. मग कळलं, त्याच्या वहीत होती ती नावं.


खवट_म्हातारा:

हे मात्र मला माहीत नव्हतं. बँकवाल्याला पटण्यासारखं आहे. धनकोची स्मरणशक्ती चांगली असते. पण ताई, त्याच कारणाने धनकोला ऋणकोचं नाव घ्यायला कारणही असतं. आणि ऋणकोला बंडात जायलाही. तुमचा फेलिम स्वतः कर्जबाजारीच ना?


लिफीकाठ:

हो, गळ्यापर्यंत.


उशिरा_आलेला:

मंडळी, सगळं वाचलं. शेवटी फेलिम दोषी का निर्दोष? एका ओळीत सांगा, लोकल पकडायचीय.


वकीलकाका_सातारा:

कोणत्या आरोपाखाली? एका ओळीत निकाल फौजी न्यायालयं देतात.

चार्लमाँट घेतला: दोषी. यजमान, नोकरचाकर, अख्खा किल्ला साक्षीला आहे, त्याने स्वतःही कधी नाकारलं नाही. सनद बनवली: दोषी, पण करच्या साक्षीवर एकट्या नव्हे. न्यूरीत कागद दाखवला होता आणि राजाने तो कधी दिल्याचं कुठे दिसत नाही, एवढं पुरे. लॉर्ड कॉलफील्डचा खून: १६४२ मध्ये कैदेतल्या कॉलफील्डला किनार्डला फेलिमच्या वाड्याच्या दारात गोळी घातली गेली, तेव्हा फेलिम घरी नव्हता असं सांगतात. कैदी त्याच्या ताब्यात होता, जबाबदारी त्याची, पण खुनाच्या कलमाखाली मी त्याला फाशी दिली नसती. पोर्टाडाऊन: नाही. त्याच्या हुकुमाचा थेट पुरावा माझ्यापुढे आलेला नाही.

आणि देशद्रोह? तो आरोप सिद्ध करायला आधी राजा कोण ते ठरवावं लागेल, आणि ज्यांनी खटला चालवला त्यांनीच राजाचं डोकं उडवलेलं. इथे मी चष्मा काढून ठेवतो.


उशिरा_आलेला:

लोकल गेली.


मोडीवाचक:

लिफीकाठ, पुढच्या वेळी सासूबाईंना नेलंत की आणखी काही निशाण्या बघून ठेवा. कुठे नांगर दिसला तर पान नंबर कळवा.


लिफीकाठ:

नक्की. सासूबाईंना मी काटलेल्या गाईंचं सांगितलं. त्या म्हणाल्या, 'एवढी काट मारली तरी वाचता येतं ना?' येतं. शाई फिकट झालीये वरची.

जाता जाता, बुक ऑफ केल्स ट्रिनिटीला दिल्याचं श्रेय ज्याला देतात तो माणूस कोण माहितीये? हेन्री जोन्स. जबान्या घेणारा. त्याची रांग आम्ही दर वेळी लावतो.